जाहिरातींचं सॉफ्टवेअर बदलताय? आधी ट्रॅफिकवालीची वही उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्ह्याच्या ठिकाणचं खासगी एफएम केंद्र, एकच वाहिनी. बारा वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर जाहिराती लावल्या जातात आणि आता त्या कंपनीने दुरुस्ती-देखभाल थांबवली आहे. नवी कंपनी म्हणते, शनिवार-रविवारात सगळं हलवून देतो. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जुना डेटा सगळा आणायचा का, दोन्ही सॉफ्टवेअर किती दिवस बरोबर चालवायची, आणि जाहिराती कमी असतात म्हणून पितृपक्षात हा बदल उरकला तर चालेल का.

मी सतरा वर्षं रेडिओच्या ट्रॅफिकमध्ये आहे. हे सांगितलं की लोक मला सिग्नल कुठे तुंबलाय ते विचारतात. आमचं ट्रॅफिक म्हणजे कोणती जाहिरात कोणत्या ब्रेकमध्ये, कितव्या क्रमांकावर लागणार आणि ती वाजली याचा पुरावा काय, हे सांभाळणारं टेबल. असे तीन बदल मी जवळून पाहिले. पहिल्यात मी नवखा होतो आणि तो चांगलाच फसला. पुढचे दोन माझ्याच अंगावर होते.

दोन दिवसांत फायली हलतात, त्यात नवी कंपनी खोटं बोलत नाही. पण केंद्राने गिऱ्हाइकांना दिलेले शब्द फक्त सॉफ्टवेअरमध्ये नसतात. काही आरओमध्ये (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात लावायची लेखी ऑर्डर) असतात, काही सेल्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपमध्ये, आणि बरेचसे ट्रॅफिक सांभाळणाऱ्या माणसाच्या डोक्यात. अमक्या सराफाची जाहिरात तमक्या सराफाच्या ब्रेकमध्ये नको. या बिल्डरची सकाळच्या शोच्या पहिल्या ब्रेकमध्ये पहिलीच हवी, आरओवर तसं लिहिलेलं नसलं तरी. पॅथॉलॉजी लॅबच्या जाहिरातीला लागून बिर्याणीची लावायची नाही. हे नियम कुणी कधी लिहून ठेवलेले नसतात. रोज संध्याकाळी उद्याचा लॉग, म्हणजे कोणती जाहिरात कधी वाजणार याची यादी, काढला की ट्रॅफिकवाली बाई पाच-दहा जाहिराती हाताने इकडच्या तिकडे करते, आणि केंद्र सुखाने चालतं.

माझ्या पहिल्या अनुभवात नेमकं हेच हुकलं. धनत्रयोदशीच्या आठवड्यात शहरातल्या दोन मोठ्या सराफांच्या जाहिराती पाठोपाठ वाजल्या, त्याही एकदा नाही, तीन वेळा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच व्यवसायाच्या दोन जाहिराती एका ब्रेकमध्ये येऊ न देण्याची सोय होती आणि ती चालूही होती. मग झालं काय? जुन्या डेटात दोन्ही सराफांचा व्यवसाय 'इतर' असा नोंदवलेला होता. नवीन गिऱ्हाईक टाकताना यादीत पहिला पर्याय 'इतर' दिसायचा, म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांनी तोच दाबला होता. निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं 'इतर'मध्ये बसली होती. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने काही बिघडत नव्हतं, कारण हा नियम आमच्या ट्रॅफिकच्या ताई हाताने पाळत होत्या. त्या आठवड्यात त्या रजेवर होत्या.

म्हणून माझ्या हिशेबात पहिला आठवडा सॉफ्टवेअरला हातच लावायचा नाही. ट्रॅफिकवाल्या माणसाशेजारी वही घेऊन बसा. त्याने एखादी जाहिरात हाताने हलवली की विचारा, का? उत्तर लिहून घ्या. 'असंच, सवय' असं म्हणाला तर तेही लिहा, कारण त्या सवयीमागे बहुतेक वेळा कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा जुना आरडाओरडा असतो. या आठवड्यात एक शुक्रवार यायलाच हवा, कारण मुंबई-पुण्याच्या एजन्सींचे आरओ शुक्रवारी संध्याकाळी येऊन पडतात. जमलं तर महिनाअखेरही येऊ द्या. माझ्या दुसऱ्या बदलाच्या वेळी या वहीत एक्केचाळीस नियम जमले. त्यातले बारा-तेरा नव्या सॉफ्टवेअरमध्ये नियम म्हणून बसले, काही गिऱ्हाइकाच्या नोंदीत शेरा म्हणून गेले. आठ-दहा नियम ज्या गिऱ्हाइकांसाठी होते त्यांनी जाहिरात बंद करून चार वर्षं झाली होती. उरलेले हातानेच करायचे राहिले, पण आता निदान ते कागदावर होते.

आता डेटा. सगळा आणायचा नाही, हे माझं ठाम मत आहे. संपलेल्या, बिल झालेल्या, पैसे आलेल्या ऑर्डर जुन्या जागीच राहू द्या. आणायचं ते एवढंच: चालू गिऱ्हाइकं, चालू आणि पुढच्या ऑर्डर, त्यांचे ऑडिओ, दरपत्रक आणि येणं बाकी. बारा वर्षांचा इतिहास आणायचा हट्ट सहसा सेल्सच्या प्रमुखाचा असतो, 'गेल्या दिवाळीला याने किती दिले' हे बघायला. त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाची वर्षवार बेरीज एका तक्त्यात काढून दिली की भागतं.

गिऱ्हाइकांची यादी साफ करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते परक्याकडून होत नाही. एकच दुकान तीन स्पेलिंगांनी तीनदा असतं. मालकाच्या नावाने एक, दुकानाच्या नावाने एक, मुलाने दुसरी शाखा काढली तेव्हाची एक. कोण कोणाचं हे तुमच्याच माणसाला ठाऊक. जुळणीसाठी जीएसटी क्रमांक हाच सगळ्यात भरवशाचा आधार: पंधरा अक्षरांचा, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅन एक आणि राज्याचे अंक वेगळे, तर त्या दोन नोंदी खऱ्याच वेगळ्या आहेत, एकत्र करू नका, बिलं वेगळी जातात. लहान दुकानदाराकडे जीएसटी नसतो, तिथे मोबाइल क्रमांक धरा. आणि हे करतानाच प्रत्येकाचा व्यवसाय नीट भरा. 'इतर' हा पर्याय नव्या सॉफ्टवेअरमधून काढूनच टाका म्हणालात तरी माझी हरकत नाही.

बारा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर म्हणजे नावं मराठीत असतील तर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असण्याची दाट शक्यता. जुन्या पडद्यावर ती छान दिसतात, बाहेर काढली की नुसते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे तुकडे. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत ती मार खातात. शे-दोनशे नावं असतील तर सरळ हाताने टाइप करा, एका दुपारचं काम आहे.

दुसरा सापळा एक्सेलचा. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली फाइल कुणीतरी 'जरा बघतो' म्हणून एक्सेलमध्ये उघडतो आणि सेव्ह करतो. ऑडिओचा क्रमांक ००४५ असेल तर तो ४५ होतो. ५ ऑगस्टची तारीख ८ मे होऊन बसते, आणि १३ तारखेपासून पुढच्या मात्र बरोबर राहतात, म्हणून वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही. मूळ फाइलची एक प्रत कुणीही न उघडलेली अशी बाजूला ठेवा. तपासायला वेगळी प्रत घ्या, आणि ती उघडताना सगळे रकाने मजकूर म्हणून घ्या.

खरी कसोटी अर्ध्यावर आलेल्या ऑर्डरची असते. समजा एका शोरूमची ऑर्डर ३० दिवसांची आहे, रोज ८ वेळा, २० सेकंदांची जाहिरात, दर १० सेकंदांना ६० रुपये. एकूण २४० स्पॉट (जाहिरात एकदा वाजली की एक स्पॉट), ४,८०० सेकंद, २८,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. तुम्ही बरोबर पंधराव्या दिवसानंतर बदल करताय. नवी कंपनी उरलेले १२० स्पॉट आणून देईल. पण मध्ये एक दिवस ट्रान्समीटर बंद पडला होता आणि ४ स्पॉट वाजलेच नव्हते. म्हणजे वाजले ११६, बिल १३,९२० रुपयांचं, आणि देणं आहे १२४ स्पॉटचं, १४,८८० रुपयांचं. हे चार स्पॉट जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'लावले' म्हणून दिसतात, 'वाजले नाहीत' हे प्लेआउटच्या (प्रत्यक्ष हवेवर ऑडिओ वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लॉगमध्ये असतं आणि 'भरून देऊ' हे सेल्सवाल्याने फोनवर सांगितलेलं असतं. चालू ऑर्डर शंभराच्या आत असतील तर त्या आपोआप आणूच नका. प्रत्यक्ष वाजलेला लॉग समोर ठेवून प्रत्येक ऑर्डर नव्याने हाताने भरा. शिकणंही त्यातच होतं. चारशे-पाचशे असतील तर मात्र फाइलनेच आणा आणि हा भरपाईचा हिशेब स्वतंत्र तक्त्यात करून मागाहून चढवा. ऑर्डर किती यावर हे ठरतं, आणि तो आकडा तुम्ही दिलेला नाही.

शून्य रुपयांच्या ऑर्डरकडे जरा थांबून बघा. बोनस स्पॉट, केंद्राच्या स्वतःच्या जाहिराती, आणि हॉटेलच्या खोल्यांच्या किंवा फर्निचरच्या बदल्यात दिलेले बार्टरचे स्पॉट, जुन्या ठिकाणी हे तिन्ही शून्य दरानेच भरलेले सापडतात. बोनस शून्यच आहे. बार्टर तसं नाही. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात वार्षिक शुल्क एकूण महसुलाच्या ४ टक्क्यांशी बांधलेलं आहे आणि बार्टरची जाहिरातही नेहमीच्या बिलिंग दराने त्या महसुलात धरायची आहे. तेव्हा नव्या सॉफ्टवेअरमध्ये बार्टर हा वेगळा प्रकार करा, दरासकट. वर्षअखेरीला ऑडिटर विचारतो तेव्हा हॉटेलवाल्याची जुनी चिठ्ठी शोधत बसावं लागत नाही.

भरून झालं की तीन बेरजा जुळवायच्या. पुढच्या साठ दिवसांत प्रत्येक दिवशी एकूण किती सेकंद विकलेले आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकाचे किती रुपयांचे स्पॉट वाजायचे बाकी आहेत, आणि किती ऑर्डरना ऑडिओ जोडलेलाच नाही. पहिल्या दोन जुन्या-नव्यात सेकंदाला सेकंद आणि रुपयाला रुपया जुळल्या पाहिजेत, तिसरी शून्य हवी. भरपाईच्या स्पॉटमुळे फरक येईल, पण तो फरक तुम्हाला नावानिशी सांगता आला पाहिजे. 'दोन-तीन हजारांचा फरक आहे, चालतंय' असं म्हणून मी एकदा पुढे गेलो होतो. दोन आकडे उलट दिशांना चुकलेले होते आणि खरी चूक साठ हजारांची निघाली.

आता सगळ्यात नाजूक सांधा: ट्रॅफिक आणि प्लेआउट. रोजचा लॉग एका मजकूर-फाइलने प्लेआउटकडे जातो आणि काय वाजलं ते तशाच फाइलने परत येतं. या फाइलचा साचा अक्षराअक्षराने जुळावा लागतो. ऑडिओ क्रमांक किती आकडी, ब्रेकची वेळ कोणत्या रकान्यात, फाइलचं नाव तारखेने कसं बनतं, सगळंच. नवं सॉफ्टवेअर आणि प्लेआउट एकाच कंपनीचं असेल तर अर्धी कटकट वाचते. नसेल तर दोन्ही कंपन्यांना एका फोनवर घ्या, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत आठवडा काढतील. तपासताना मध्यरात्रीचा ब्रेक मुद्दाम तपासा. काही सॉफ्टवेअरचा दिवस रात्री बाराला बदलतो, काहींचा पहाटे, आणि साडेबाराची जाहिरात चक्क चोवीस तास उशिरा वाजलेली मी ऐकली आहे.

दुसरं, लांबी. ऑर्डर २० सेकंदांची असते, पण स्टुडिओतून आलेला ऑडिओ साडेएकवीस सेकंदांचा असतो. जुनं सॉफ्टवेअर ऑर्डरची लांबी धरत होतं आणि नवं ऑडिओची धरत असेल, तर १२ जाहिरातींचा २४० सेकंदांचा ब्रेक एकदम २५८ सेकंदांचा होतो. मग सॉफ्टवेअर 'ब्रेक भरला' म्हणून एक जाहिरात बाहेर फेकतं. ती कोणाची, हे ते तुम्हाला विचारत नाही. कोणती लांबी धरायची हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि सैल ऑडिओ कापून घ्या. आरजे स्वतः बोलतो त्या मेन्शनला ऑडिओच नसतो, त्यांच्यासाठी नव्या लॉगमध्ये जागा आणि मजकूर स्टुडिओच्या पडद्यावर कसा दिसतो ते एखाद्या आरजेला बसवून बघा. आरजेला न दाखवता केलेला बदल तो हवेवर बोलून दाखवतो!

मुहूर्ताचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण पितृपक्ष हे उत्तर सगळ्यांना सुचतं आणि मला ते साफ चूक वाटतं. त्या पंधरवड्यात हवेवर शांतता असते हे खरं. गाड्या, घरं, सोनं यांच्या नव्या घोषणा कुणी करत नाही. पण ट्रॅफिकच्या टेबलावर तोच सगळ्यात धावपळीचा काळ असतो, कारण घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतच्या ऑर्डर नेमक्या तेव्हाच येऊन पडतात. नवखं सॉफ्टवेअर, नवखी बोटं आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ऑर्डर. शिवाय चूक सापडायला लागतात दोन-तीन आठवडे, म्हणजे ती सापडणार दसऱ्याच्या तोंडावर. १ एप्रिल हिशेबनिसाला आवडतो, पण मार्चअखेरची धावपळ आणि आगे-मागे येणारा गुढीपाडवा, त्यामुळे मी तोही टाळतो. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर विचारसुद्धा करू नका. राजकीय जाहिरातींचं पूर्वप्रमाणन, मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांची बंदी, ऐनवेळी बदललेले ऑडिओ, हे सगळं हातच्या सॉफ्टवेअरवरच करावं.

माझी पसंती आषाढाला. शाळा-कॉलेज प्रवेशाच्या जाहिराती संपलेल्या, लग्नं थांबलेली, गणपतीच्या ऑफर अजून लांब. अधिक महिना आला तर आणखी बरं. २०२३ साली अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता आणि माझा तिसरा बदल त्यातच झाला. धोंड्याच्या महिन्यात सराफ तेवढे जावयाच्या चांदीच्या ताटाची जाहिरात जोरात करतात, बाकी सामसूम. त्या वर्षी १ ऑगस्टला मंगळवार होता, तो दिवस मी जानेवारीतच वहीत लिहून ठेवला होता.

मंगळवार का आणि १ तारीख का? शनिवार-रविवारात बदल केला की रविवारी रात्री काही अडलं तर नव्या कंपनीचा फोन कुणी उचलत नाही, आणि सोमवार सकाळी सेल्सचे फोन सुरू होतात. मंगळवारी सुरू केलं की पुढे तीन-चार कामाचे दिवस हाताशी असतात. १ तारीख बिलांसाठी. एका महिन्याची बिलं एकाच ठिकाणाहून निघालेली बरी. मंगळवार-बुधवार आणि १ तारीख जुळत नसतील तर हवेवरचा बदल महिन्याच्या मध्यावर करा आणि त्या महिन्यापुरती गिऱ्हाइकाला दोन बिलं जातील हे आधी कळवा. जीएसटीत बिल क्रमांकाची एकापेक्षा जास्त मालिका चालते, फक्त क्रमांक आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको आणि सोळा अक्षरांच्या वर जायला नको. नव्या सॉफ्टवेअरच्या मालिकेला वेगळं अक्षर लावा आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आधी करून घ्या.

दोन्ही समांतर किती दिवस? लोक महिनाभर म्हणतात. ते कागदावर होतं. प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस थकतो, एकाच ठिकाणी ऑर्डर भरतो आणि 'नंतर दुसरीकडे चढवतो' म्हणतो. मग दोन्हीकडचा हिशेब अर्धवट. मी असं करतो: आधी होऊन गेलेला एक आठवडा नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभा करायचा आणि तेव्हा प्रत्यक्ष वाजलेल्या लॉगशी ओळीने ताडून बघायचा. काय वाजलं हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे नव्याची प्रत्येक चूक लगेच दिसते. त्यानंतर फक्त पाच दिवस दोन्ही बरोबर, हवेवर जुनंच, आणि रोज संध्याकाळी नव्याचा लॉग छापून जुन्याशेजारी. पाच दिवसांत फरक आटत गेले तर सुरू करा. वाढत गेले तर तारीख पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही. सुरू केल्यावर पहिले सात दिवस सेल्सने कुठलीही नवी योजना, पॅकेज, सवलत आणायची नाही, हे केंद्रप्रमुखाच्या तोंडून वदवून घ्या. ट्रॅफिकवाल्याने सांगितलेलं सेल्स ऐकत नाही.

पहिल्या महिन्याची बिलं पाठवण्याआधी एकदा हाताने तपासा. एजन्सी हल्ली ध्वनी ओळखणाऱ्या यंत्रणेने जाहिराती मोजतात, सरकारी जाहिरातींनाही बिलासोबत प्रसारण प्रमाणपत्र जोडावं लागतं. प्रमाणपत्रातली वेळ 'लावलेली' आहे की 'वाजलेली', हे नव्या सॉफ्टवेअरच्या छापील नमुन्यावर बघा. नुसती लावलेली वेळ छापली तर एजन्सी बिल परत पाठवते, आणि पैसे दोन महिने लांबतात.

जुन्या संगणकाला मात्र हात लावू नका. प्रसारणाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपायचं असतंच. जीएसटीच्या नोंदी तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. तुमचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) आणि विंडोज सेव्हनवर चालत असेल, तर तो संगणक डोंगलसकट तसाच एका कोपऱ्यात ठेवा, नेटवर्कमधून काढून, आणि डोंगलला टेप लावून त्यावर 'काढू नये' असं लिहा. सगळे अहवाल पीडीएफ करून दुसरीकडेही ठेवा, कारण बारा वर्षं जुनी हार्ड डिस्क कुणाचा शब्द पाळत नाही.

करारावर सही करण्याआधी नव्या कंपनीला एक विचारा: उद्या तुम्हाला सोडून जायचं ठरवलं तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल? आज जुन्या कंपनीकडे हेच विचारायची वेळ तुमच्यावर आलीच आहे. आणि चालू ऑर्डर किती, प्लेआउट कोणतं, बिलं टॅलीत हाताने चढतात की फाइलने, हे तिन्ही कळवलंत तर ऑर्डर भरण्याबद्दल आणि फाइलच्या साच्याबद्दल याहून नेमकं सांगता येईल.